कोरा आकडा

घड्याळ बरोबर होतं, म्हणून माझी ट्राम चुकली. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ लग्नाच्या वर्षापासून पुढे आहे. हिनंच ते पुढे केलं, कारण मला वेळेवर घराबाहेर काढणं म्हणजे तिच्या मते डोंगर ढकलण्यासारखं होतं. पण घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे आम्ही सगळे मनातल्या मनात वजाबाकी करायचो आणि चहाचा कप हातात घेऊन निवांत बसायचो. त्या घड्याळानं आम्हाला कधी लवकर काढलं नाही की कधी उशीरही होऊ दिला नाही. वेळ बघताना थोडं गणित करावं लागायचं, एवढंच. काल संध्याकाळी लेकीनं स्टुलावर चढून त्याचा सेल बदलला आणि काटे बरोबर लावले. कुणाला सांगितलं नाही. बरोबर केलेली गोष्ट काय सांगायची, असं तिला वाटलं असणार. ती पहाटेच कामावर गेली, ही अजून झोपली होती, मी नेहमीची वजाबाकी केली, बुटांना फडकं मारलं आणि थांब्यावर पोचलो तर ट्रामची पाठ दिसली. मागच्या काचेतून एक बाई माझ्याकडे बघत होती, निर्विकारपणे, आणि ती बघता बघता लहान होत वळणाआड गेली. मला राग आला नाही. बसायला जावं आणि मागची खुर्ची कुणीतरी सरकवलेली असावी, तसं वाटलं.

समोरच्या पावाच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आतून गरम पिठाचा वास येत होता. मी थांब्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो. आजच्या दिवशी उशीर होणं शोभण्यासारखं नव्हतं. आजची गाडी मी चालवणार होतो आणि ती जगातल्या कुठल्याही रुळांवरच्या गाडीपेक्षा वेगानं धावावी, अशी मोठ्या साहेबांची इच्छा होती. प्रवासी नाहीत, डबे मोजके, आतल्या बाकांच्या जागी यंत्रं आणि वायरींची जाळी. तरी मला धास्ती नव्हती, कारण मला सांगितलेल्या हजर होण्याच्या वेळेतही कुणीतरी थोडं राखलेलं असणार हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे सगळंच असं चालतं. पण पुढच्या ट्रामच्या तारा डोक्यावर हलकेच कुरकुरायला लागल्या तेव्हा मला वाटलं, पोरीनं आणखी काय काय बरोबर करून ठेवलं असेल?

ट्राममध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. काच थंड होती, कपाळ टेकवलं की डोक्यात बारीक गुणगुण शिरायची. लहानपणी लेकही अशीच कपाळ टेकवून बसायची आणि उतरताना कपाळावर गोल लाल ठसा घेऊन उतरायची. तिच्या आईनं पदरानं तो पुसायचा प्रयत्न केला की म्हणायची, तो आतून आहे. आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची लांब तार होती. तिच्या एका टोकाला मी काठीनं टिचकी मारायचो आणि तारेत एक उंचवटा उठून दुसऱ्या टोकाकडे पळत जायचा. ती त्याच्याखालून धावायची. त्याला गाठायचं, हा खेळ. कधीच गाठता यायचं नाही, कारण मी तार चांगली ताणून बांधली होती आणि ताणलेल्या तारेत लाट फार जोरात पळते. एकदा तिनं गुपचूप खिळ्याची गाठ सैल केली आणि धावली. लाटेबरोबर धावली. तार झोका खाऊन तिच्या मानेपाशी आली, ओल्या चादरी तिच्या अंगावर पडल्या, आणि चादरींच्या आतून ती हसत होती. मी मात्र धावत जाऊन आधी तिची मान चाचपली, हे आठवतं.

आज ती तेच काम करते, फक्त पगार घेऊन. गाडीच्या टपावरचा दांडा वरच्या तारेला खालून रेटत वीज घेतो. रेटलं की तारेत लाट उठते आणि गाडीच्या पुढे पळते. गाडीनं त्या लाटेच्या मागे राहायचं असतं, बऱ्यापैकी मागे. फार जवळ गेली तर तार वर उचलली जाते, तिला धरणाऱ्या चिमट्यांवर आदळते, सुटते, आणि मग एवढ्या वेगात सुटलेली तार काय करील ते कुणी बघितलेलं नाही आणि बघायची कुणाची इच्छाही नाही. तेव्हा कुणीतरी आधीच आकडा सांगावा लागतो, की बाबांनो, इथवर. पूर्वी तो आकडा एक म्हातारे गृहस्थ देत. त्यांना सगळे आजोबा म्हणत. आजोबा हातचा राखून आकडा द्यायचे. त्यांच्या वर सुरक्षेचे प्रमुख, त्यांना आम्ही पाठीमागे हळूकाका म्हणतो, कारण कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला शब्द हळू. तेही त्यात आपला थोडा हातचा राखायचे. असा टेबला-टेबलावर झिजत आकडा माझ्यापर्यंत यायचा. मला हे सगळं पाठ होतं, म्हणून मी बिनधास्त थोडा पुढे जायचो. मी पुढे जातो हे त्यांनाही पाठ, म्हणून पुढच्या वेळी ते आणखी थोडं राखायचे. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण इतक्या वर्षांत आमच्या कुणाच्या अंगावर ओरखडा उठला नाही. आमची ही कापड बेतते, शिवणाच्या दुकानात. तिच्या धंद्यातही कुणी नेमक्या मापावर कात्री चालवत नाही. आजोबा निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर माझी लेक आली. आजचा आकडा तिचा होता. विक्रम त्याच्या तीनच वर होता. ताशी तीन किलोमीटर; माणूस यापेक्षा जोरात चालतो.

शेडवर पोचलो तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं, म्हणजे उशीर झालाच नव्हता. छताच्या काचांतून येणारा उजेड गाडीच्या नाकावर सांडला होता. ती लांब, पांढरी, अजून न उठलेल्या माणसासारखी पडून होती. मोठे साहेब वर्तमानपत्रवाल्यांना काहीतरी समजावत होते. त्यांनी लांबूनच मला हात केला आणि तीन बोटं वर करून हसले. हळूकाका माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा मी एवढा मोकळा कधी पाहिला नव्हता. चष्मा पुसत म्हणाले,

"आज मी आकड्याला हातसुद्धा लावला नाही बरं का. जसा आला तसा पुढे पाठवला."

मी विचारलं, असं कसं.

"अहो, लेकीनं बापासाठी काढलेला आकडा तो. तिनं किती राखून ठेवलं असेल ते काय मला कळत नाही? त्यात मी आणखी कापलं असतं तर तुम्ही आज बैलगाडी चालवली असती."

आणि ते चक्क हसले. मीही हसलो. हसताना मला तिच्या खोलीतली इस्त्री आठवली, का ते कळेना. इस्त्रीचा वास, गरम सुती कापडाचा, आणि त्या वासाबरोबर तिनं बोललेलं काहीतरी, जे त्या वेळी माझ्या कानावरून गेलं होतं. मी नखं कापत होतो. ती काय म्हणाली होती? समोर यंत्रांच्या डब्याच्या दारात ती उभी होती, कानांवर हेडफोन, केस घट्ट बांधलेले. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. कामावर ती मला बाबा म्हणत नाही. आमच्यात बोलताना जागेवरून हाक मारायची पद्धत आहे: मी चालक, ती तार, हळूकाका सुरक्षा. जाऊन विचारावं असं वाटलं, की यात हातचा आहे ना गं. पण तिच्या भोवती पाच-सहा जण होते, सगळे कान टवकारलेले. बापालाच लेकीच्या आकड्यावर भरवसा नाही, ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत साऱ्या शेडमध्ये झाली असती. मी केबिनमध्ये चढलो आणि दार लावून घेतलं.

गाडी सुटते तेव्हा सुरुवातीला सगळं तुम्हाला सांगत असते. रुळांचे सांधे, पूल, बोगद्याची हवा कानांवर दाबते ते. मग हळूहळू ती बोलणं बंद करते. वेग एका हद्दीपलीकडे गेला की जवळचं जग उरतच नाही. खांब, कुंपणं, झुडपं सगळी मिळून एक करडी पट्टी होते, ओल्या रंगावरून बोट फिरवावं तशी. लांबचं मात्र जागच्या जागी राहतं. क्षितिजावर एक टेकडी होती, तिच्या डोक्यावर एकच झाड, आणि ती टेकडी माझ्याबरोबर चालत होती, शांतपणे. मला या जागेचं फार प्रेम आहे. घरी, रस्त्यात, चारचौघांत मला नेहमी काहीतरी राहिल्यासारखं वाटत असतं. इथे काही राहत नाही. कानात तिचा आवाज येत होता. दर थोड्या वेळानं एकच शब्द: ठीक. तार ठीक. तो आवाज लहानपणीचाच होता, खेळताना लपल्या जागेवरून द्यायची तसा, थोडा दबका. ठीक. आणि टेकडी. ठीक. मला वाटलं, मी तिच्या आवाजाच्या मागे मागे चाललोय, आणि तो तारेतून पुढे पळतोय, आणि मी त्याला गाठायचं नाहीये.

आणि मग इस्त्रीचा वास पुन्हा आला. बंद केबिनमध्ये, एवढ्या वेगात, सुती कापडाचा गरम वास. ती पाठमोरी उभी होती, कॉलरीवरून इस्त्री फिरवत. म्हणत होती, ऑफिसात सगळे म्हणणार की बाप गाडीवर आहे म्हणून हिनं आकडा कमी लिहिला. माझं नख उडालं होतं, मी ते खाली शोधत होतो, आणि मी विचारलं होतं, मग?

"मग काय. जो आला तोच लिहिला. कोरा."

आणि मी म्हटलं होतं, छान. छान म्हटलं होतं मी, आणि नख उचललं होतं.

"आकडा," ती कानात म्हणाली. आम्ही तिच्या आकड्यावर होतो. टेकडी जागेवर होती. पडद्यावरचे अंक स्थिर झाले होते आणि केबिनमध्ये देवळाच्या गाभाऱ्यात असते तशी शांतता होती.

"चालक, थोडं पुढे," मोठे साहेब कानात म्हणाले. त्यांचा आवाज गोड होता. "तुम्हाला तर ठाऊकच आहे."

मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत मला एवढं एकच तर नीट ठाऊक होतं, की आकड्याच्या पुढे नेहमी थोडी जागा असते. मी हळूकाकांच्या शब्दाची वाट बघितली. आजवर प्रत्येक वेळी या क्षणी ते हळू म्हणाले आहेत, आणि प्रत्येक वेळी मी मनात हसून ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आहे. आज कानात नुसती खरखर होती. ते गप्प होते. ते खुशीत होते, कारण लेकीनं बापासाठी राखून ठेवलं होतं. मोठे साहेब खुशीत होते, कारण हळूकाका गप्प होते. आणि माझा हात पुढे गेला. मी तो नेला असं म्हणवत नाही. जिना उतरताना पाय जातो तसा तो गेला. तेव्हा मला स्वयंपाकघर दिसलं, बरोबर चालणारं घड्याळ, आणि त्याच्याखाली निवांत चहा पिणारा मी. मी जे वजा करत होतो, ते कुणी मिळवलेलंच नव्हतं. सगळ्यांनी आपापला हातचा काढून घेतला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं दुप्पट ठेवला असेल. आजोबांच्या वेळी आकड्याच्या आड कुणाचं प्रेम आलं नव्हतं. मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. मागच्या डब्यात, त्याच तारेखाली, ती बसली होती.

हाताचं गाडीला कळायला एक क्षण लागतो. त्या क्षणात मी तो मागे घेतला. पडद्यावरचे अंक हललेही नाहीत. ठीक, ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काहीही बदल नव्हता. मोठे साहेब दोनदा चालक म्हणाले, मग एकदा माझ्या आडनावानं, मग बोलायचे थांबले. आकडा तसाच राहिला, मग उतरू लागला. झुडपं एकेक करून पट्टीतून सुटी होऊ लागली, खांबांना खांबपण आलं, टेकडी मागे राहिली. ते झाड आता मला साधं, कुठलंही झाड दिसत होतं.

शेडमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर्तमानपत्रवाले कॅमेरे बॅगांत भरत होते. मोठे साहेब माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की वय झालं की असं होतं, पुढच्या वेळी तरुण कुणी बघू. मी मान हलवली. मला बोलायचं नव्हतं, बसायचं होतं. पण तोवर शिडीची गाडी तार तपासायला गेली होती आणि तिच्याबरोबर लेक. दुपार उतरायला लागली तेव्हा ते परत आले. ती खाली उतरली, कोपरांपर्यंत हात काळे झालेले, हातात तारेचा एक चिमटा, पुलाच्या पलीकडच्या वळणावरचा, सोडवून आणलेला. त्याच्या वरच्या ओठावर आतून रंग खरवडून धातू उघडा पडला होता. तार तिथवर उचलली गेली होती. हळूकाकांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि त्यांनी चष्मा काढला.

मोठ्या साहेबांनी विचारलं की आणखी तीन असते तर.

"तार सुटली असती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

हळूकाका गाडीच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला म्हणाले, पोरी, तू काहीच राखलं नव्हतंस? ती म्हणाली, नाही काका, ते तुम्ही राखता ना, तुम्ही नेहमीच राखता. मोठे साहेब चिमटा बघत उभे राहिले, आणि मग कुणीतरी बोलावल्यासारखे आत निघून गेले.

शेडच्या मागे भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे, तिथे त्या वेळेला ऊन असतं. मी तिथे बसलो होतो. ती हात धुऊन आली; नखांत काळं तसंच होतं. शेजारी बसली, पाय लांब केले, डोळे मिटले. तिच्या आईचं नाक आहे तिला, उन्हात ते जास्तच दिसतं. भिंतीपलीकडे कुणीतरी पाइपानं फरशी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता आणि जात होता. मला वाटत होतं, मी अजून धावतोय आणि हा बाक लांबचा आहे, जागच्या जागी.

"बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली, "काकांनी काही ठेवलं नाही हे मला माहीतच नव्हतं. पण तुम्हाला खरं सांगू, मला मागे बसून भीती वाटली नाही. साहेब पुढे पुढे म्हणाले तेव्हासुद्धा नाही. म्हटलं, बाबा आहेत. ते कोऱ्या आकड्याच्या पुढे जाणार नाहीत. मी सांगितलं होतं ना तुम्हाला, इस्त्री करताना."

इथे गप्प बसता आलं असतं. कुठल्याही यंत्रानं ते टिपलेलं नव्हतं. ती उन्हात इतकी निश्चिंत बसली होती, तिच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि त्याच्याखाली एक समाधान होतं, ज्यात माझा मोठा वाटा होता. बापाला असं काही रोज मिळत नाही. मी जीभ चावून बसलो असतो तर ते आयुष्यभर माझंच राहिलं असतं. पण ती पुन्हा आकडा काढणार होती. पुन्हा त्या डब्यात बसणार होती, आणि मनात धरून चालणार होती की पुढे बाबा आहेत, किंवा बाबांसारखं कुणीतरी.

"हात गेला होता," मी म्हणालो.

तिनं डोळे उघडले.

"पुढे गेला होता. तू सांगितलेलं मी ऐकलंच नव्हतं तेव्हा. गाडीत आठवलं, तरी गेला. गाडीला कळायच्या आत मागे घेतला. पण गेला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठांचा रंग आधी गेला, मग गालांचा. गच्चीवरच्या चादरींतून बाहेर काढली तेव्हा ती हसत होती. आज हसली नाही. काहीतरी बोलेल असं वाटलं, रागावेल, उठून जाईल. तिनं फक्त माझा उजवा हात उचलला, आपल्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरला, रस्ता ओलांडताना लहान मुलाचा धरतात तसा. पाळी सुटली, शेडमधून लोक बाहेर येऊ लागले, आमच्याकडे बघत पुढे गेले, हळूकाका गेले, शेवटी मोठे साहेबही समोरून गेले, तरी तिनं तो सोडला नाही.